गजाचे नवे बिऱ्हाड

नेवासे म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे प्रवरेचा काठ येतो, पैसाचा खांब येतो, मोहिनीराजाचे देऊळ येते. ते योग्यच आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानदेवांनी गीतेवरची आपली टीका या गावी सांगितली. येथे राहून मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, तेव्हा मी बोलायला बसलो की विषय ज्ञानेश्वरीचा असणार असे लोक धरूनच चालतात. आज मात्र, श्रोतेहो, मी एका काठीविषयी बोलणार आहे. या काठीला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बांधलेले असतात, केसांना राळ घासलेली असते, आणि ती तारेवरून ओढली की तार गाऊ लागते. आपण तिला गज म्हणतो. हा गज एका वाद्यावरून दुसऱ्या वाद्यावर राहायला गेला म्हणजे वाजवणाऱ्या हाताचे काय होते, हा आजचा विषय आहे.

विषय सुचला तो एका फजितीवरून. आमचा एक विद्यार्थी लहानपणापासून व्हायोलिन वाजवतो. गावातल्या भजनी मंडळात तो साथीला बसतो, लग्नसराईत एका वाद्यवृंदात जातो आणि त्यावर आपल्या शिक्षणाचा खर्च भागवतो. गेल्या वर्षी त्याने पुण्याहून एक जुने वाद्य विकत आणले. साठवलेले पैसे तर त्यात गेलेच, वर आईची थोडी शिल्लकही गेली. हे वाद्य म्हणजे विजेवर चालणारा उभा बेस. तुम्ही डबल बेस पाहिला असेल. माणसाहून उंच, पोटाने मोठा, व्हायोलिनचा थोरला आजोबा शोभावा असा. या विजेच्या बेसला ते पोटच नाही. एक लांब दांडा, त्यावर चार जाड तारा, खाली लोखंडी तिपाई आणि मागून निघणारी एक वायर. मागच्या सीटवर आडवा घालून एस. टी. तून आणता येतो, हा त्याचा मोठा गुण.

गणेशोत्सवात भक्तिगीतांचा कार्यक्रम होता. मुलाने हौसेने आपला व्हायोलिनचाच गज या नव्या वाद्याला लावला आणि वायर मांडवातल्या कर्ण्यांना जोडून दिली. खर्जातला गंभीर षड्ज येईल या अपेक्षेने सगळे कान देऊन होते. आला तो दार करकरावे तसा आवाज. पुढे बसलेली पोरे हसली, मागे बसलेली मोठी माणसेही हसली. दुसऱ्या दिवशी तो माझ्या घरी आला आणि उंबऱ्यातच म्हणाला, “सर, मी ते विकून टाकतोय. माझा हात गेला.”

हात कसा जाईल? वीस वर्षांच्या मुलाचा, रोज तीन-तीन तास घासलेला हात एका रात्रीत जात नाही. पण त्याला तसे वाटले हे खरे होते, आणि त्याचे कारण शोधल्याशिवाय नुसता धीर देण्यात अर्थ नव्हता. मी काही वादक नव्हे. माझे मामा कीर्तनकारांच्या साथीला व्हायोलिन वाजवत, त्यांच्या हाताखाली मी चार-पाच वर्षे गज ओढला, एवढेच माझे भांडवल. तरीही आम्ही दोघे त्या दिवसापासून कामाला लागलो. त्यात जे कळले ते तुम्हांला सांगतो. तुमच्यापैकी फारच थोड्यांच्या घरी असले वाद्य असेल, पण शिकलेले कसब नव्या ठिकाणी वापरण्याची वेळ कोणावर येत नाही?

प्रथम गज करतो काय ते पाहू. आपल्याला वाटते, गज तारेवर घासतो. वस्तुतः तो तारेला पकडतो आणि सोडतो. राळ लावलेले केस तारेला चिकटून तिला थोडे बाजूला ओढत नेतात. ताण असह्य झाला की तार निसटून परत येते आणि लगेच पुन्हा पकडली जाते. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेवर ही पकड-सोड सेकंदाला सुमारे १९६ वेळा होते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने एकोणिसाव्या शतकात या हालचालीचे स्वरूप दाखवून दिले. आणि अभिमानाची गोष्ट अशी की, पुढचे मोठे काम आपल्या देशात झाले. चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशावरच्या संशोधनासाठी १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्याआधी कलकत्त्यात ते तारवाद्यांच्या मागे लागले होते. गजाने छेडलेल्या तारेच्या कंपनांवरचा त्यांचा मोठा प्रबंध १९१८ चा आहे. त्यानंतर त्यांनी व्हायोलिन वाजवणारे एक यंत्र तयार केले आणि गजाचा दाब किती असला म्हणजे स्वर शुद्ध निघतो याची मोजमापे घेतली.

या सगळ्याचे सार वाजवणाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर गजाच्या हाती तीनच गोष्टी असतात: वेग, दाब आणि जागा. गज किती झपाट्याने ओढायचा, किती दाबायचा आणि घोडीपासून किती अंतरावर ठेवायचा. दाब फार कमी पडला तर तार पुरती पकडली जात नाही आणि शीळ घातल्यासारखा पोकळ आवाज येतो. फार झाला तर तार वेळेवर सुटत नाही आणि करकर होते. या दोन टोकांच्या मध्ये स्वराची वाट आहे, आणि घोडीच्या जवळ जावे तसतशी ती वाट अरुंद होत जाते. वादकाचा हात म्हणजे दुसरे काय? ही वाट न बघता सापडण्याची सवय. आणि अडचण नेमकी येथेच आहे. ती सवय एका विशिष्ट वाद्यापुरती पडलेली असते.

आता थोडे मागे जाऊ. गजाने घर बदलण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. व्हायोलिन आपल्याकडे परक्या मुलखातून आले. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितर यांच्यासारख्यांनी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ते कर्नाटक संगीतात आणले. युरोपातला वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून ते हनुवटीखाली धरतो. आपल्या लोकांनी मांडी घातली, व्हायोलिनचे डोके उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवले आणि दुसरे टोक छातीखांद्याशी लावले. ही केवळ बैठकीची सोय आहे असे वरवर वाटते. पण वाद्य असे दोन्हीकडून टेकले गेले की डावा हात त्याचे ओझे वाहण्यातून मोकळा होतो, आणि मोकळा झाला म्हणूनच तो तारेवरून लांब मींड घेत सरकू शकतो. तारांची जुळणीही बदलली. षड्ज-पंचमाच्या जोड्या लावल्या, कारण आपल्या रागाला आधार षड्जाचा हवा असतो.

महाराष्ट्रात हे वाद्य रुजवणाऱ्यांत गजाननराव जोशी (१९११–१९८७) यांचे नाव आधी घ्यावे लागेल. ते स्वतः गवई, त्यामुळे त्यांच्या व्हायोलिनमध्ये गळा होता. १९२२ साली जन्मलेले विष्णु गोविंद जोग लयीच्या अंगाने, छोट्या-छोट्या गजांच्या तुकड्यांनी खेळत. दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) एका गजात किती स्वर ओवून नेत ते ऐकणाऱ्यांना आठवत असेल. गज तोच, पण एकाने त्याचा श्वास केला, दुसऱ्याने त्याचे बोल केले. रेडिओचाही यात वाटा आहे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. त्या काळात रेडिओवरच्या साथीत सारंगी आणि व्हायोलिन यांना जागा राहिली, आणि पेटी नसलेल्या घरांतही गजाचा आवाज पोचला. आमचे मामा सांगत, की आपण निम्मे व्हायोलिन रेडिओपुढे बसून शिकलो.

तर मुलाला मी म्हणालो, “अरे, तुझ्या हातातले व्हायोलिनसुद्धा मुळात आपले नव्हते. ते आपले झाले, कारण कुणीतरी बैठक बदलली, जुळणी बदलली, गजाची ओढ बदलली. तू मात्र नव्या वाद्यापुढे काहीच न बदलता उभा राहिलास.”

त्याने विचारले, “मग काय काय बदलायचं, सर?”

हा प्रश्न मला आवडला, कारण ज्याला उत्तर देता येते असा तो प्रश्न होता. आम्ही वही घेऊन बसलो.

पहिली गोष्ट आकाराची. व्हायोलिनची कंप पावणारी तार सुमारे ३३ सेंटिमीटर लांब असते. बेसची १०५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तिप्पट, आणि जाडीला तर तुलनाच नको. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. आता मघाची पकड-सोड आठवा. स्वर बसायला अशा पाच-दहा पकडी तरी जाव्या लागतात. दहा धरल्या तर व्हायोलिनच्या खालच्या तारेला सेकंदाचा विसावा भाग लागतो, बेसच्या खालच्या तारेला पाव सेकंद. व्हायोलिनच्या सवयीने आमचा मुलगा गज टेकवताच पुढे पळत होता, आणि तार अजून जागीसुद्धा झालेली नव्हती. त्याला आम्ही एक साधा नियम घालून दिला: गज आधी तारेवर ठेव, वजन दे, तार पकडली गेल्याचे बोटांना कळू दे, आणि मग सावकाश ओढ. सुरुवातीचे आठ दिवस त्याने एवढेच केले. एकच तार, एकच स्वर.

दुसरी गोष्ट गजाची. व्हायोलिनचा गज साठ ग्रॅमच्या आसपास भरतो. बेसचा गज लांबीला काहीसा कमी, पण वजनाने दुपटीहून जास्त, आणि त्याच्या केसांचा पट्टाही रुंद असतो. हलक्या गजाने ती जाड तार पकडलीच जात नव्हती. मुलगा जोर लावी, काठी वाकून तारेला टेके, आणि करकर होई. मुंबईहून एक जुना बेसचा गज मिळवला तेव्हा अर्धे काम झाले. राळसुद्धा वेगळी लागते. व्हायोलिनची राळ कडक, बेसची मऊ आणि चिकट. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ती डबीतच पाघळते, म्हणून ती माठाजवळ ठेवायची, हा आमच्या मुलाचा स्वतःचा शोध.

तिसरी गोष्ट पकडीची, आणि ती मला सर्वांत मनोरंजक वाटली. बेसचा गज धरण्याच्या जगात दोन रीती आहेत. एक फ्रेंच. तीत हात काठीच्या वरून येतो, व्हायोलिनसारखाच. दुसरी जर्मन. तीत हात बाजूने, खालच्या अंगाने येऊन गजाची मूठ धरतो. व्हेनिसहून लंडनला जाऊन गाजलेला द्रागोनेत्ती (१७६३–१८४६) खालून धरत असे. आता तुम्ही सारंगियाचा हात आठवा. सारंगीचा गजही वरून धरत नाहीत. तळवा वरच्या बाजूला ठेवून तो खालून धरतात. १९४९ मध्ये मुंबईला येऊन सारंगीला साथीतून स्वतंत्र बैठकीवर नेणारे रामनारायण (१९२७–२०२४) तुम्ही पाहिले असतील, तर तो हात तुमच्या लक्षात असेल. जर्मन पकड पाहून मुलगा म्हणाला, “सर, ही तर सारंगीच!” तंतोतंत तशी ती नाही, पण भावकीतली आहे खरी. त्याने तीच घेतली, कारण वरून धरण्याच्या पद्धतीत व्हायोलिनची जुनी सवय पुन्हा-पुन्हा डोके वर काढत होती. नव्या पकडीत ती सवय निघायला जागाच उरली नाही.

चौथी गोष्ट वजनाची, आणि येथे माझेही अज्ञान उघडे पडले. व्हायोलिनच्या तारा साधारण वर तोंड करून असतात. गज त्यांच्यावर टेकतो तो स्वतःच्या भाराने. पृथ्वीच तुमच्यासाठी निम्मा दाब देत असते. उभ्या बेसच्या तारा मात्र भिंतीसारख्या उभ्या. तेथे गजाचा भार तारेवर पडत नाही, खाली जमिनीकडे जातो. तारेवरचा दाब सगळा हाताने, आणि तोही आडवा द्यावा लागतो. मुलाचा खांदा दोन दिवसांत दुखू लागला, कारण तो मनगटाने दाबत होता. मग बाहू सैल सोडून, पाठीपासून वजन आणायचे, मनगट फक्त दिशा दाखवायला ठेवायचे, असे हळूहळू जमले. विहिरीचा रहाट नुसत्या मनगटाने ओढत नाहीत, हे आमच्या भागात कुणाला शिकवावे लागत नव्हते. गजाच्या जागेचेही तसेच. व्हायोलिनवर घोडीपासून एक-दोन बोटांवर जे चालते, ते येथे चार-सहा बोटांवर न्यावे लागते.

आतापर्यंत सांगितले ते कोणत्याही डबल बेसला लागू आहे. ही विद्या आपल्या मुलखाला अगदीच परकी आहे असे समजू नका. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेले, तेव्हा तेथे ते डबल बेस वाजवायला शिकले, आणि मग वाद्यवृंदाचे संचालक म्हणून जगभर गेले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी व्हायोलिनचे ताफे उभे केले. लहानपणी चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकलेली ही माणसे. एकाच ध्वनिमुद्रणात इकडे ती कागद वाचून वाजवत, आणि तिकडे सारंगिया कानाने वाजवी. गजाच्या दोन भाषा एकाच खोलीत नांदत होत्या.

पण आमच्या मुलाचे वाद्य विजेचे, बिनपोटाचे. त्याचा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. वाद्याच्या पोकळ पेटीचे काम आवाज मोठा करणे एवढेच नसते. ती गाळणीही असते. गजाची खरखर, राळेची सळसळ, यांतले बरेच ती आत जिरवते आणि गोलाई बाहेर सोडते. पेटी काढून टाकण्याचा विचार जुना आहे. १८९९ मध्ये लंडनच्या स्ट्रोह याने पेटीऐवजी पत्र्याचा कर्णा बसवलेल्या व्हायोलिनचे पेटंट घेतले होते. विजेचे उभे बेस १९३० च्या दशकात अमेरिकेत निघाले. १९६२ मध्ये अँपेग कंपनीचा ‘बेबी बेस’ आला आणि लॅटिन अमेरिकी नृत्यसंगीतात चांगला रुळला. एबरहार्ड वेबर या जर्मन वादकाने १९७० च्या दशकापासून अशाच वाद्यावर गज चालवून त्याला स्वतःचा गळा दिला. २००७ मध्ये पक्षाघाताने त्याचे वादन थांबले. आणि आपल्या एल. शंकर यांनी केन पार्कर या कारागिराकडून १९८० मध्ये दहा तारांचे, दोन दांड्यांचे विजेचे व्हायोलिन करून घेतले. त्याचा आवाका व्हायोलिनपासून थेट डबल बेसपर्यंत जातो. तेव्हा बिनपोटाच्या वाद्यावर गज चालतच नाही, असे म्हणायची सोय नाही.

चालतो, पण अटी आहेत. या वाद्याच्या घोडीखाली एक लहान स्फटिक बसवलेला असतो. तो तारेचे कंपन दाबाच्या रूपाने ओळखून त्याची वीज करतो. हा स्फटिक फार प्रामाणिक आहे. पेटी जे झाकून घेई, ते तो सगळे सांगून टाकतो. म्हणून ॲम्प्लिफायरवरची वरच्या स्वरांची कळ बरीच खाली आणावी लागते, आणि स्फटिकाच्या क्षीण विजेला सांभाळून घेणारे एक छोटे यंत्र मध्ये लावावे लागते. त्या दिवशी मुलाने वायर थेट मांडवाच्या कर्ण्यांना दिली होती. ते कर्णे बोलण्यासाठी असतात. खालचे स्वर त्यांच्यातून निघतच नाहीत. सेकंदाला चाळीस-पन्नास कंपनांचा खर्ज वाटेतच हरवला आणि मागे उरली ती केवळ गजाची खरखर. म्हणजे त्या रात्री लोक ज्याला हसले, तो त्याचा स्वर नव्हताच. स्वर बाहेर पडलाच नव्हता. हे त्याला समजावून सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे निम्मी चूक कर्ण्याची.” मी म्हणालो, “हो. आणि निम्मी न विचारता वायर जोडणाऱ्याची.”

आणखी दोन किरकोळ वाटणाऱ्या पण नडणाऱ्या गोष्टी. बिनपोटाचे वाद्य अंगाला टेकत नाही. गजाने दाब दिला की ते तिपाईवर भोवऱ्यासारखे फिरू पाहते. गावातल्या लोहाराकडून एक वाकवलेली पट्टी करून घेतली, तिला कापड गुंडाळले आणि ती गुडघ्याला टेकेल अशी बसवली. दुसरे, घोडीचा माथा. बोटांनी छेडायच्या वाद्यावर तो सपाट असला तरी चालतो. गजाला मात्र कमान हवी, नाहीतर मधली तार वाजवताना शेजारच्या दोन्ही तारा आपोआप बोलू लागतात. सुताराने घोडीला शिसवीची नवी कमान घालून दिली. दोघांनीही मजुरी घेतली नाही. “वाजायला लागलं की ऐकवा,” एवढेच म्हणाले.

हे सगळे चालू असताना वर्गात माझे ज्ञानेश्वरीचे तास चालूच होते. गीतेचे श्लोक सातशे, ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. संस्कृतातला श्लोक मराठीत आणायचा तर शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. येथल्या बोलण्याचा श्वास निराळा, म्हणून छंद निराळा, दृष्टान्त येथल्या शेतातले आणि घरातले. इतके बदलूनही अर्थ मूळचाच राहिला, किंबहुना बदलले म्हणूनच राहिला. वर्षानुवर्षे हे मी मुलांना सांगत आलो. पण एका मुलाचा गज तारेवर पाव सेकंद थांबायला शिकताना पाहीपर्यंत मला त्याचा असा अनुभव नव्हता. व्हायोलिनचा हात जसाच्या तसा उचलून बेसवर ठेवणे म्हणजे शब्दशः भाषांतर. ते चुकीचे नसते, पण करकरते.

आता शेवटचे सांगतो. माझे मामा आज चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि आमच्याकडेच राहतात. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. यंत्र लावले तर बोलणे थोडेबहुत कळते, पण स्वर कळत नाही. सगळे पत्र्यासारखे वाजते म्हणतात. तेव्हापासून त्यांचे व्हायोलिन खुंटीला आहे. मुलाचा सराव आमच्या माजघरात चाले, पण ते कधी तिकडे फिरकले नाहीत. मला ते समजत होते, म्हणून मी आग्रह केला नाही.

त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मुलाने एक मोठा, लाकडी खोक्याचा लाऊडस्पीकर मागून आणला होता. तो एका अभंगाखाली खर्जातला षड्ज धरून होता. तानपुऱ्यासारखा, पण अखंड. गज जाई, येई. मामा पाणी प्यायला म्हणून आत आले आणि जाता-जाता आधारासाठी त्यांनी त्या खोक्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी उचलला नाही. खोक्याजवळच पाट ओढून ते बसले, दुसराही तळवा त्यावर ठेवला आणि डोळे मिटले. मुलगा घाबरून थांबला. मामांनी न पाहताच हाताने खूण केली, चालू दे. दहा मिनिटे तरी ते तसे बसले असतील. मग डोळे उघडून, कानाला ऐकू न येणारी माणसे बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, “उलटताना थांबतोय रे तुझा गज. तिथे खड्डा पडतो. टोकाशी गेल्यावर बोटं सैल कर, मनगट आधी वळव, गज मागून येईल.”

मला तो खड्डा ऐकू आला नव्हता. चांगल्या कानांनी ऐकू आला नव्हता, तो त्यांना तळहातांनी कळला.

मुलगा म्हणाला, “आजोबा, पुन्हा एकदा हात ठेवता?” आणि ते पुन्हा बसले. दुसऱ्या दिवशी घाटावर दिवे लावले तेव्हा त्याने वाजवले. फार उत्तम वाजवले असे मी म्हणणार नाही. दोन ठिकाणी स्वर हलला, एकदा गज घसरला. पण कोणी हसले नाही. लोहार आणि सुतार दोघेही आले होते. मामांना नदीपर्यंत चालवत नाही, म्हणून ते घरीच होते. परत आल्यावर त्यांनी मला एकच विचारले, “खड्डा भरला का?” मी म्हणालो, निम्मा भरला. ते म्हणाले, “मग गुरुवारी त्याला लवकर यायला सांग.”

वाद्य विकण्याची गोष्ट त्यानंतर निघालेली नाही. गुरुवारचा शिरस्ता मात्र पडला आहे. मुलगा वाजवतो, मामा खोक्यावर हात ठेवून बसतात आणि मी चहा करतो. तुमच्याही घरात एखादे शिकलेले पण थांबलेले बोट असेल, खुंटीला लावलेले कसब असेल. ते पूर्वीच्याच वाद्यावर, पूर्वीच्याच रीतीने परत यावे असा हट्ट धरू नका. त्याला दुसरे बिऱ्हाड शोधून द्या आणि तेथे रुळायला थोडा वेळ द्या. खालच्या तारेला स्वर धरायला पाव सेकंद लागतो. माणसाला त्याहून थोडा अधिक लागणार.